पाऊस ओळखणारे ऑटो वायपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेक्सॉन, कुशाक, टायगुन अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलांतही आता ऑटो वायपर मिळतात. त्यामुळे एकेकाळी फक्त महागड्या गाड्यांत दिसणारी ही सोय आपल्याकडे रोजच्या वापरात आली आहे. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना मात्र स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीकडे बोट दाखवून "दांडी ऑटोवर ठेवा, बाकी गाडी बघून घेईल" एवढंच सांगितलं जातं. मग जून उजाडतो आणि वायपर कधी हलत नाहीत, कधी कोरड्या काचेवर फिरतात, कधी थांबायचं नाव घेत नाहीत. खालचे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत. उत्तरं आपल्या पावसाळ्याच्या, घाटांच्या आणि धुळीच्या हिशेबाने दिली आहेत.

पाऊस पडतोय हे गाडीला कळतं कसं?

आतल्या आरशाच्या मागे काचेला आतून चिकटलेला एक छोटा सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश साधारण ४५ अंशांच्या कोनात काचेत सोडतो. काचेबाहेर नुसती हवा असेल, तर सुमारे ४२ अंशांहून तिरपा आलेला प्रकाश बाहेर निसटू शकत नाही. तो पूर्णच्या पूर्ण आत परततो आणि सेन्सर त्याची मोजणी करतो. बाहेर पाण्याचा थेंब बसला की ही मर्यादा साठ अंशांच्या आसपास जाते, आणि ४५ अंशांवरचा प्रकाश थेंबातून बाहेर निघून जातो. परत येणारा प्रकाश जितका कमी, तितकं काचेवर पाणी जास्त. त्यावरून वायपर किती वेळाने आणि किती वेगाने फिरवायचे ते ठरतं.

म्हणजे सेन्सर आभाळातला पाऊस बघत नाही, रस्ता तर नाहीच नाही. तो काचेचा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा बघतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढची बहुतेक उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

माझ्या गाडीत तो नेमका कुठे आहे? चालतोय की नाही हे घरीच बघता येईल का?

येईल. बॉनेटजवळ उभं राहून आरशाच्या मागची जागा बाहेरून बघा. काचेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात एक मोकळी खिडकी दिसेल आणि तिच्यामागे गडद रंगाचा गोल किंवा चौकोनी भाग. तोच सेन्सर. (शेजारी ॲडासचा, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असेल तर त्याची भिंगासारखी काच वेगळी ओळखू येते.)

आता एकाला गाडीत बसवून इग्निशन चालू करायला आणि दांडी ऑटोवर ठेवायला सांगा. बोटं पाण्यात बुडवून आधी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर चार थेंब शिंपडा. वायपर हलणार नाहीत. मग तेवढेच थेंब त्या खिडकीवर शिंपडा. वायपर फिरले की सेन्सर ठीक आहे. हात मात्र काचेला टेकवू नका, पात्यांच्या वाटेतून लांब ठेवा. वायपर एकदम आणि जोरात येतात.

ऑटोवर ठेवलं तरी भुरभुर पावसात वायपर हलतच नाहीत. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. दांडीवर एक फिरणारी चकती असते. ती संवेदनशीलता ठरवते. नव्या गाडीत ती बहुधा मधल्या खुणेवर असते आणि कित्येक जण तिला कधी हातच लावत नाहीत. भुरभुर असेल तर ती वर न्या. बऱ्याच गाड्यांत चकती एक घर वर सरकवली की वायपर लगेच एकदा फिरतात. ती आज्ञा पोचल्याची खूण आहे.

तरीही एक अडचण उरते. घाटमाथ्यावरच्या ढगातलं पाणी फार बारीक असतं. आंबोलीत किंवा गगनबावड्याला ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा सगळ्या काचेवर पातळ ओल धरते, समोरचं पांढुरकं दिसू लागतं, आणि सेन्सरच्या तुकड्यावर मात्र मोजण्याजोगे थेंब जमलेले नसतात. अशा वेळी दांडीला एक हलका झटका देऊन हातानेच पुसावं. जवळजवळ सगळ्या गाड्यांत एकदाच वायपर फिरवण्याची ही सोय असते.

आणखी एक. काही गाड्यांत इग्निशन बंद करून परत चालू केलं, की दांडी ऑटोवर असूनही ती काढून पुन्हा ऑटोवर ठेवावी लागते. कोणी काचेजवळ काम करत असताना वायपर अचानक फिरू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल याबाबत काय म्हणतं ते एकदा वाचून घ्या.

आणि उलट, कोरड्या काचेवर मध्येच का फिरतात?

सेन्सरला पाणी कळत नाही, परत येणाऱ्या प्रकाशातली घट कळते. त्या तुकड्यावर किडा चिरडला, पक्ष्याची विष्ठा पडली, पुढच्या ट्रकने चिखलाचा शिंतोडा मारला किंवा बारीक तडा गेला, तरी घट होतेच. सकाळ-संध्याकाळचं कलतं ऊन समोरून थेट आत शिरलं तरी काही सेन्सर फसतात, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच.

आपल्याकडे खरा त्रास धुळीचा. एप्रिल-मेमध्ये, रस्त्याची कामं चालू असलेल्या महामार्गावर, उसाच्या ट्रॉल्यांमागे काच धुळीने माखलेली असते. तिच्यावर वायपर कोरडे फिरले की धुळीतले कण रबराखाली घासले जातात आणि काचेवर कमानीसारखे बारीक ओरखडे उमटतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून हेडलाइट आले की सगळी काच चमकते. हे ओरखडे जात नाहीत. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: ऑक्टोबर सरला की ऑटो बंद, आणि जूनच्या पहिल्या सरींना काच धुऊन मग चालू. मान्सून मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर धरतात. ऑटोचा हंगाम साधारण तेवढाच समजा. वळवाचा पाऊस आला तर दांडी हाताशी आहेच.

एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत. सेन्सर बदलावा लागेल का?

आधी वायपरचं रबर बघा. सर्व्हिस सेंटरमध्ये अनेकदा उलट्या टोकापासून सुरुवात होते: आधी स्कॅनर, मग सेन्सरचं कोटेशन. रबर शेवटी.

कारण सरळ आहे. रबर कडक झालं की पातं काच स्वच्छ पुसत नाही, पाण्याची एक रेघ मागे ठेवतं. ती रेघ नेमकी सेन्सरच्या तुकड्यावरून जात असेल तर सेन्सरला तिथे कायम पाणी दिसतं. तो पुन्हा पुसायला सांगतो, पातं पुन्हा रेघ सोडतं, आणि हे चक्र चालू राहतं. आरशाच्या मागची जागा कोणतं पातं पुसतं ते बघा आणि ते तरी नवं टाका. त्याने भागलं नाही तर काचेवरचा तेलकट थर काढा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल, टायरचा कीस आणि धूळ यांचा चिकट राडा उडून काचेवर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. काच धुण्याचा शाम्पू आणि स्वच्छ ओलं फडकं लागतं. गाडी धुताना वापरलेलं मेण काचेवर राहिलं तरी हाच अनुभव येतो.

हे सगळं करूनही वायपर थांबत नसतील, तर सेन्सर आणि काच यांच्यामधली जेल बघावी लागते. तिच्याबद्दल काच बदलण्याच्या प्रश्नात लिहिलं आहे.

घाटात ऑटोवर विसंबावं का?

ऑटो चालू ठेवा, पण हात दांडीजवळ असू द्या. मी करूळ घाटाने कोकणात नेहमी उतरतो. मध्यम आणि सारख्या बदलत्या पावसात ऑटोचा मला मनापासून उपयोग होतो. एका वळणावर सर, पुढच्या वळणावर उघडीप, परत सर. दर मिनिटाला दांडी वर-खाली करण्याची कटकट वाचते आणि लक्ष वळणावर राहतं. या कामासाठी ही सोय उत्तम आहे.

पण तिला पुढचं दिसत नाही. पाणी काचेवर पडल्यावरच सेन्सरला कळतं, मग वायपर हलतात. समोरून एसटी किंवा ट्रक खड्ड्यातून गेला आणि गढूळ पाण्याचा लोट काचेवर आदळला, की वायपर वर येईपर्यंत क्षणभर काहीच दिसत नाही. ताशी ६० वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. घाटातल्या वळणावर १७ मीटर न बघता जाणं परवडणारं नाही. पुढे साचलेलं पाणी आणि समोरून येणारं अवजड वाहन दोन्ही दिसलं, की पाणी उडायच्या आधीच हाताने वायपर जलद करा. ट्रकला ओलांडतानाही तेच: त्याच्या मागच्या चाकांच्या तुषारांत शिरण्याआधी दांडी जलदवर, पुढे गेल्यावर परत ऑटोवर.

बोगद्यांचंही असंच. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडीच्या बोगद्यात शिरलात की पाऊस थांबतो, वायपर हळू होत बंद पडतात. पलीकडच्या तोंडावर कोसळता पाऊस उभा असतो आणि गाडी थेट त्याच्याखाली जाते. तोंडाचा उजेड दिसू लागला की दांडी हलवून ठेवावी. पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांतून निघतानाही हीच सवय लावा.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या जुलैच्या झडीत ऑटोचा प्रश्नच उरत नाही. वायपर सगळ्यात जलद फिरत असतात आणि तरी दिसत नसतं. त्याहून जलद गाडीकडे काही नसतं. वेग कमी करा, हेडलाइट लो बीमवर ठेवा, आणि तरीही दिसत नसेल तर दरडीपासून दूर, मोकळ्या जागी रस्ता सोडून थांबा. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावायची सवय मात्र कृपा करून सोडा. वळणावर तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही आणि गाडी उभी आहे की चालती, तेही कळत नाही.

वायपर चालू आहेत तरी काच पांढरी दिसते. ऑटो चुकतोय का?

काचेला आतून बोट लावून बघा. बोटाची रेघ उठली तर वाफ आतून धरली आहे, आणि वायपरचा तिच्याशी संबंध नाही. एसी चालू करा, हवा समोरच्या काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद करा. ओले कपडे, ओल्या छत्र्या आणि पाचजणांचा श्वास, एवढ्यावर काच मिनिटात धुरकटते.

रेघ उठली नाही तर ओल बाहेरून आहे. कोकणातल्या दमट रात्री एसी फार थंड ठेवला की असं होतं. काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर ओल धरते. ही ओल सेन्सरच्या लक्षात येईलच असं नाही. एकदा हाताने वायपर फिरवा आणि एसीचं तापमान दोन-तीन अंश वाढवा.

गाडी धुताना काय काळजी घ्यायची?

ऑटो बंद. यंत्राने धुऊन घेत असाल तर नक्कीच, कारण ब्रशमध्ये अडकून वायपरचा हात वाकतो. सोसायटीत सकाळी गाडी पुसणाऱ्या माणसाचा विचारही करा: तो काच पुसत असताना तुम्ही गाडी चालू केलीत आणि दांडी ऑटोवर असली, तर पातं त्याच्या बोटांवर बसू शकतं.

बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काचेवर पांढरे डाग राहतात. सेन्सरच्या तुकड्यावर ते बसू देऊ नका, धुऊन लगेच कोरडं पुसा.

आणि दसरा. गाडीची पूजा करताना काचेवर स्वस्तिक काढतात, हळद-कुंकू वाहतात, आणि ते नेमकं काचेच्या वरच्या मध्यावर येतं. त्या सुमारास पाऊसही पुरता गेलेला नसतो, म्हणून दांडी ऑटोवरच असते. गाडी चालू केली की वायपर ओलं कुंकू सगळ्या काचेवर फासतात आणि ते रबरातही शिरतं. पूजेआधी ऑटो बंद करा आणि स्वस्तिक बॉनेटवर काढा. पूजा झाल्यावर रबर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

फास्टॅग, फिल्म, स्टिकर यांनी फरक पडतो का?

पडतो, जागा चुकली तर. फास्टॅग आतल्या बाजूने, काचेच्या वरच्या मध्यावर, आरशामागे लावायचा असतो आणि सेन्सरही तिथेच असतो. तेव्हा टॅग सेन्सरच्या आणि कॅमेऱ्याच्या खिडकीखाली, काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याबाहेर स्वच्छ काचेवर लावा. डॅशबोर्डवर ठेवून टोलनाक्यावर हातात धरून दाखवणं नियमात बसत नाही, म्हणून तो चिकटवायलाच हवा. एकदा चिकटवलेला सोलून काढला की निकामी होतो, त्यामुळे जागा आधी ठरवा.

समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे. त्यात बसणारी उन्हाची फिल्म लावत असाल, तरी लावणाऱ्याला सेन्सरची जागा कापून मोकळी ठेवायला सांगा. काही जण सेन्सर काढून मागे पूर्ण फिल्म मारतात आणि सेन्सर परत दाबून बसवतात. तसं करू देऊ नका. देवाचं नाव वा गावाचं नाव बाहेरून लिहायचं असेल तर ती खिडकी सोडून कुठेही लिहा.

दगड लागून काच फुटली. नवी बसवताना सेन्सरचं काय?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून जरा सविस्तर.

सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक सिलिकॉनची किंवा जेलची एक चकती असते. प्रकाश काचेत नीट शिरावा आणि परत यावा म्हणून दोघांमध्ये हवेचा एक कणही असून चालत नाही. काच बदलताना ही चकती नवी टाकायची असते. बऱ्याच ठिकाणी जुनीच सोलून परत लावतात. माझ्या एका नातेवाइकाच्या गाडीत असंच झालं होतं. काच बदलल्यापासून वायपर चांगल्या पावसात गप्प आणि उन्हात चालू. बॉनेटवर वाकून बाहेरून टॉर्च मारली तर जेलमध्ये बाजरीच्या दाण्याएवढे बुडबुडे स्पष्ट दिसत होते, आणि एका कडेला तिला धूळ चिकटलेली. नवी चकती टाकल्यावर त्रास संपला. गाडी ताब्यात घेण्याआधी ही टॉर्चची तपासणी स्वतः करा, आणि वर सांगितलेली थेंबांचीही.

काच मागवताना "सेन्सरवाली" असं स्पष्ट सांगा. एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलच्या काचा वेगळ्या असू शकतात. काही गाड्यांत नव्या काचेनंतर सेन्सर स्कॅनरने परत ओळखवून द्यावा लागतो. ॲडास असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन वेगळं. तो खर्च अंदाजपत्रकात आहे का ते आधीच विचारा.

विम्याचं बोलायचं तर प्रमाणित पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत. रबर-प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. खासगी गाडीला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये अनिवार्य वजावट तुम्हाला भरावी लागते. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, तो जपणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. काच स्वस्त असेल आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असेल, तर आधी दोन्ही आकडे समोर ठेवून हिशेब करा.

रबर कधी बदलायचं?

दरवर्षी मे संपता संपता. आपल्या उन्हाने रबर वाळतं, आणि पहिल्या पावसातच ते कर्र-कर्र वाजू लागतं. काहींच्या गाडीत पाती बॉनेटखाली दबलेली असतात, ती हाताने उचलायला जाऊ नका. पाती काचेवर वर आणून थांबवण्याचा, म्हणजे सर्व्हिस पोझिशनचा, उपाय मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

पाणी घसरवणारं कोटिंग काचेला लावावं का?

ऑटो वायपर असतील तर मी लावणार नाही. थेंब गोळा होऊन पळतात, सेन्सरला पाणी वेगळंच दिसतं, आणि वायपर कधी उशिरा तर कधी उगाच फिरतात. शिवाय कोटिंग झिजू लागलं की पाती थरथरतात.

माझ्या गाडीत ही सोय नाही. बाहेरून बसवून घेऊ का?

नको. वायपरच्या वायरिंगला हात लागला की गाडीची वॉरंटी वादात येते, आणि बाहेरचा सेन्सर गाडीच्या कंट्रोल युनिटशी नीट बोलेल याची खात्री नसते. साधा इंटरमिटंट, म्हणजे थांबून थांबून फिरणारा, वायपर हातात बसला की त्याने काम छान भागतं.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये मिळालं. थांबून थांबून फिरणारा वायपर रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात घडवला. १९७० ची सिट्रॉएन एसएम काचेवरचं घर्षण मोटरच्या विजेवरून ओळखायची: काच कोरडी होऊ लागली की मोटर जास्त वीज ओढते. टेस्ला वेगळा सेन्सर न लावता कॅमेऱ्याच्या चित्रावरून पाऊस ओळखते.

बर्फाच्या देशात राहतो. तिथे काय?

थंडीत गाडी उभी करताना ऑटो बंद करूनच उतरा. रात्री पाती काचेला गोठून चिकटतात. सकाळी गाडी चालू होताच सेन्सरने आज्ञा दिली तर रबर फाटतं, नाहीतर मोटरचा फ्यूज जातो. काच आधी खरवडून मोकळी करा, आरशामागची जागासुद्धा. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांनाही हेच लागू.

जुनी गाडी घेतोय. ऑटो वायपर कसे तपासू?

पाण्याची बाटली आणि टॉर्च घेऊन जा. आधी काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघा. बाकीच्या काचांपेक्षा कंपनी किंवा साल वेगळं असेल तर समोरची काच बदललेली आहे. मग टॉर्चने जेल, नंतर सेन्सरच्या खिडकीवर थेंब. दांडीवरची चकती सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर ठेवून दोन्ही वेळा फरक पडतो का बघा. शेवटी काचेसमोर उभं राहून आत तिरपी टॉर्च मारा आणि पात्याच्या कमानीत ओरखडे आहेत का ते शोधा. असतील तर नव्या काचेचे पैसे किमतीतून कमी करून मागा.